पारसशेठचा शाम्पू

घोडेगावच्या पेठेत पारसशेठच्या दुकानातून शाम्पूची पुडी घ्यायची, तर आधी डोकं पुढं करावं लागायचं. शेठ गल्ल्यावरून ओणवे होऊन दहाही बोटांनी गिऱ्हाइकाचं डोकं चेपायचे आणि मगच माळेतली पुडी तोडायचे.

“ह्याला म्हनत्यात शाम्पू! पुडीत हाय तो नुसता साबण. शब्द आपला हाय राव. हिंदीत ‘चांपो’ म्हंजी चेपा. साहेबानं हितं डोकं चेपून घेतलं, लई बरं वाटलं, तर शब्दच बोटीत टाकून घिऊन गेला. पुढं त्यात साबण घातला आन् आपल्यालाच विकाय आनला!”

नव्वदच्या सुमारास कुठल्याशा मासिकात त्यांनी हे वाचलं आणि तेव्हापासून गावाची सुटका नव्हती. एकदा आहुप्याहून बाजाराला आलेला पाहुणा टोपी काढायला तयार होईना.

“शेठ, यष्टी जाईल माजी!”

“दुसरी यील. शब्द कळल्याबिगर पुडी न्हाई, पावणं.”

बिचाऱ्यानं चेपून घेतलं. पुढच्या बाजाराला तो पुन्हा आला, पुडी न घेता नुसतं डोकं पुढं करायला!

मी त्यांची शेजारीण. हे व्याख्यान ऐकून माझे कान किटले होते.

मग त्यांच्या बायकोला, विमलवहिनींना, अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, “बोलत राहा त्यांच्याशी. शब्द फुटेल की नाही, सांगता येत नाही.” बोलायचं काम शेठना नवं नव्हतं. पण वहिनी भिंतीकडे बघत राहायच्या आणि हळूहळू शेठच आटत गेले. दुकानात कुणी पुडी मागितली, की मुकाट तोडून द्यायचे. मला ते बघवेना.

एका रविवारी परसात ते वहिनींचं डोकं धूत होते, मी तांब्यानं पाणी घालत होते. शेवटी मीच विचारलं, “शेठ, तो शाम्पू शब्द कुठला हो?”

आधी नाइलाजानं, मग रंगात येऊन त्यांनी सांगायला घेतलं. साहेब आला, डोकं चेपून घेतलं, बोट निघाली. बोट भर समुद्रात असताना वहिनींच्या तोंडून आलं, “पुरे.”

शब्द बोबडा होता, वैताग मात्र स्वच्छ होता.

शेठचे हात थांबले. फेसाच्या हातांनीच त्यांनी डोळे पुसले, ते झोंबले, आणि त्यांना रडायला निमित्त मिळालं. मग ते वहिनींच्या पुढ्यात उकिडवे बसले.

“आजून येकदा म्हन ना, विमल.”