सूव्हरेन बसली ती बसलीच

गाडीच्या बाबतीत आपल्याला कोणी फसवू शकत नाही, असं फिर्मां शाब्रा छातीठोकपणे सांगायचा. तसा त्याला अधिकारही होता. गेरे गावात त्याने सत्तावीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवली होती. गावातला पोलीस, दाताचा डॉक्टर, दोन पाद्री आणि एक अशी बाई, जी अकरा वेळा नापास होऊन बाराव्यांदा परीक्षकाच्याच गाडीला धडकली; हे सगळे त्याचे विद्यार्थी. सत्तावीस वर्षं तो छोट्याशा गाडीत शेजारच्या सीटवर, जादाच्या ब्रेकवर पाय ठेवून, जीव मुठीत धरून बसला. शिकाऊ लोकांचे धक्के खाऊन खाऊन त्याच्या पाठीचा पार भुगा झाला होता. त्यामुळे निवृत्तीनंतर त्याला एकच गोष्ट हवी होती. मऊ गाडी.

आणि मऊ म्हणजे ब्रेसॉल कंपनीची सूव्हरेन. ही गाडी एके काळी मंत्र्यांसाठी काढली होती. मंत्र्यांनी ती एकदा पाहिली आणि जर्मन गाड्या घेतल्या. पुढून मगर आणि मागून पियानो, असं तिचं रूप. कंपनी बुडाली, गाड्या उरल्या. पण तिच्या चाकांवर स्प्रिंगा नव्हत्या. त्यांच्या जागी तेल आणि वायू भरलेले गोळे होते आणि त्यामुळे ती रस्त्यावरून जायची ती तव्यावरून लोणी घसरावं तशी. गाडी उभी करून ठेवली की तासाभरात खाली खाली बसत पोट जमिनीला टेकवायची. सकाळी चालू केली की गाय उठते तशी उठायची, आधी मागून, मग पुढून.

फिर्मांने ती सरकारी लिलावात घेतली. जिल्हाधिकारी कचेरीची गाडी होती. पुढच्या दोन्ही बाजूंना झेंडे लावायच्या दांड्या अजून तशाच होत्या. लिलावातल्या माणसाने किल्ली देताना त्याचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला, लोक अंत्ययात्रेला धरतात तसा. फिर्मांला ते शुभेच्छेचं लक्षण वाटलं.

आठवडाभरात सगळं कळलं. एसीची गार हवा फक्त चालवणाऱ्याच्या डाव्या पायावर यायची. खिडक्यांच्या काचा मनाला येईल तेव्हा खाली जायच्या. शिवाय गाडीत एक बाई बोलायची. म्हणजे आवाज रेकॉर्ड केलेला होता, पण अतिशय अदबशीर, आणि सांगायचा ते बहुतेक खोटं. दरवाजा उघडा आहे. दिवा गेला आहे. कृपया ताबडतोब थांबा.

फिर्मांची बायको सोलांज औषधाच्या दुकानात कामाला होती. ती गाडीभोवती एक फेरी मारून आली आणि एवढंच म्हणाली, "फिर्मां, हिच्यावरच्या गोळ्या नाहीत आमच्याकडे."

गाडी परत विकायची असंच जवळजवळ ठरलं होतं, पण मध्ये सासूबाई आल्या.

सासूबाईंचं नाव ओर्तांस, वय शहाऐंशी. त्या लेकीच्याच घरी राहायच्या. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून कुठल्याही वाहनात बसलं की त्यांच्या पायातून कळा निघायच्या. शेजाऱ्यांची गाडी, टॅक्सी, आगगाडी, सगळं करून झालं होतं. आता त्या घराबाहेर पडतच नव्हत्या. जावई हा माणूस मनाने बरा पण निवड करण्यात कच्चा, असं त्यांचं जुनं मत होतं, आणि सूव्हरेन दारात आल्यापासून ते त्यांनी रोज नव्याने मांडलं.

त्यांची एक थोरली बहीण होती, लेओनी. ती समुद्रकाठी रॉयांला राहायची. अकरा वर्षांपूर्वी ओर्तांसबाईंचे यजमान वारले तेव्हा लेओनी आली नाही. रेल्वेचा संप आहे, असा तिचा फोन आला होता. ओर्तांसबाईंचं म्हणणं, संप असला तर माणसाने चालत यावं. त्यांनी फोन ठेवला, तो कायमचा. आता त्या लेओनीचं दोन ओळींचं पत्र आलं होतं. येत्या रविवारी नव्वद पूर्ण होताहेत. कोण येईल माहीत नाही, खुर्च्या मांडून ठेवते.

ओर्तांसबाईंनी पत्र खणात ठेवलं आणि म्हणाल्या की या खुब्याने कुठे जाणार. हे खरंही होतं. पण त्या दिवसात चार वेळा तो खण उघडल्याचा आवाज फिर्मांने ऐकला.

दुसऱ्या दिवशी तो त्यांना म्हणाला, एकदा फक्त बसून बघा. त्या बसल्या, ते गाडी किती भिकार आहे हे सिद्ध करायला. फिर्मांने मुद्दाम कसायाच्या दुकानामागचा रस्ता घेतला. त्या रस्त्यावर इतके खड्डे होते की शिकाऊंना तो तिथे कधी नेत नसे. शेवटच्या खड्ड्यानंतर त्याने भीत भीत आरशात पाहिलं. सासूबाई तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. ऑपरेशननंतर त्या बसल्या बसल्या झोपल्याचं घरात कोणी पाहिलं नव्हतं.

जाग आल्यावर त्यांनी अट घातली. "जायचं. खिडकीतून केक द्यायचा, शुभेच्छा द्यायच्या आणि परत फिरायचं. मी उतरणार नाही. समजलं का तुम्हाला?"

रविवारी सोलांजच्या दुकानाची पाळी होती, म्हणून दोघंच निघाले. मागच्या सीटवर ओर्तांसबाई आणि मांडीवर हेझलनटचा केक. लिमोज शहर मागे पडेपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग गाडीतली बाई म्हणाली, मागचा डावा दरवाजा उघडा आहे.

"बंद आहे," ओर्तांसबाई म्हणाल्या. "मी तिथेच बसलेय."

गाडीतल्या बाईने पुन्हा सांगितलं. ओर्तांसबाईंनी पुन्हा सुनावलं. पुढचे चाळीस किलोमीटर दोघींचं असंच चाललं होतं आणि सासूबाईंच्या गालांवर फिर्मांला बऱ्याच दिवसांनी रंग दिसला. घरात त्यांच्याशी इतक्या चिकाटीने कोणी वाद घालत नसे. मग बाई म्हणाली, कृपया ताबडतोब थांबा. फिर्मांने सांगितलं की ती असं नेहमीच म्हणते. सासूबाई म्हणाल्या, दरवाजाबद्दल ती चुकली असेल, पण थांबा म्हणतेय तर काही कारण असेल. त्यांनी त्याला थांबायला लावलं. आणि नेमकं या वेळी गाडीतली बाई खरं बोलत होती.

थांबले ते सें-मोरिल नावाच्या गावाच्या वेशीवर. तिथे अख्खा गाव जमला होता. नवीन वाहतूक चौकाचं उद्घाटन होतं. मध्ये गोल बाग, भोवती लाल फीत, बाजूला बँड, आणि छातीवर तिरंगी पट्टा घातलेल्या मेयरबाई उपजिल्हाधिकाऱ्यांची वाट बघत उभ्या. अशात एक लांबलचक काळी सरकारी गाडी, झेंड्याच्या दांड्यांसकट, बरोबर फितीसमोर येऊन थांबली आणि सगळ्यांच्या देखत, एक लांब सुस्कारा सोडून, आदबीने खाली बसली.

बँड सुरू झाला. फिर्मां बाहेर पडून समजावून सांगू लागला, पण ढोलापुढे त्याचं कोण ऐकतंय? तोवर मेयरबाईंनी मागचा दरवाजा उघडला होता. गाडी खाली बसल्यामुळे ओर्तांसबाईंना नुसतं पाय बाहेर काढायचं काम होतं. त्यांच्या हातात फुलं आली, मग कात्री आली. त्यांना वाटलं, या भागात पाहुण्यांचं स्वागत असंच करतात. त्यांनी फीत कापली. मग कोणी तरी माईक पुढे केला.

त्यांनी चौकाकडे नीट बघून घेतलं. "रस्ता गोल आहे," त्या म्हणाल्या. "कुठे जायचं ते ठरत नसेल तर माणूस फिरत राहू शकतो. माझ्या जावयाला उपयोगी पडेल. फुलं मात्र छान लावलीत."

मेयरबाईंच्या कारकिर्दीत इतकं छोटं भाषण कोणी केलं नव्हतं. टाळ्या थांबेनात.

खरे उपजिल्हाधिकारी एव्हाना एका छोट्या विजेच्या गाडीतून येऊन गर्दीच्या मागे उभे होते. तिशीतला, अंगाने किरकोळ मुलगा. मेयरबाईंच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचा चेहरा फितीच्या रंगाचा झाला. पण तो मनुष्य म्हणाला की या महिन्यात त्याने असे चार चौक उघडलेत, पाचवा दुसऱ्या कोणाच्या नशिबी आला तर त्याची काही हरकत नाही. मग त्याने हळूच विचारलं, गाडीत जरा बसून बघू का?

गाडी उठेना. फिर्मां बॉनेट उघडून शिकवण्याच्या स्वरात स्वतःशी बोलू लागला. तेवढ्यात बँडमधला ट्रॉम्बोनवाला वाद्य बाजूला ठेवून आला आणि कपड्यांची पर्वा न करता सरळ गाडीखाली शिरला. त्याचं नाव गिस्लां. त्याच्या गोठ्यात तीन सूव्हरेन होत्या. एक चालायची आणि उरलेल्या दोन तिला अवयव द्यायच्या. सूव्हरेन बाळगणारा माणूस वेडा असतो हे फिर्मांला ठाऊक होतं, पण आपल्यासारखा दुसरा वेडा त्याला आजच भेटला. दोघं अर्धा तास पोटावर पडून इतक्या आपुलकीने बोलले की ओर्तांसबाईंना त्यांना हाका मारून उठवावं लागलं.

गिस्लांने गळकी नळी बांधली, घरून हिरवं तेल आणून ओतलं, आणि गाडीला उचलून धरणारा तेलाचा पंप कसाबसा जागा केला. गाडी उठली, आधी मागून, मग पुढून. गावाने पुन्हा टाळ्या वाजवल्या.

"पंप शेवटच्या घटका मोजतोय," तो म्हणाला. "इंजिन चालू आहे तोवर उभी राहील. बंद केलंस की बसेल. आणि आता बसली, तर नवा पंप येईपर्यंत उठायची नाही."

फिर्मांने इंजिन बंद केलं नाही. पेट्रोल भरतानासुद्धा केलं नाही, त्यासाठी पंपावरच्या बाईच्या शिव्या खाल्ल्या. दुपारी तीनला ते रॉयांला पोचले.

बाजारामागच्या गल्लीत लेओनीचं घर. फाटकाशी निळ्या पोशाखात ती उभी होती, काठीवर रेलून. मागे अंगणात आठ खुर्च्या गोलात मांडलेल्या. आठही रिकाम्या.

फिर्मांने गाडी तिच्यासमोर आणली. ओर्तांसबाईंनी केक उचलला आणि काच खाली करायचं बटण दाबलं. सकाळपासून नऊ वेळा आपणहून खाली गेलेली काच आता जागची हलेना. फिर्मांने पुढून दाबलं, ठोकलं, विनवणी केली. लेओनी काचेजवळ आली. ती बाहेरून काही तरी बोलली, आतून ओर्तांसबाई काही तरी बोलल्या, आणि दोघींनाही एक अक्षर ऐकू आलं नाही. मग लेओनीने आपला हात काचेवर ठेवला. नव्वद वर्षांचा हात, शिरा शिरा वर आलेला. तो तिने काढलाच नाही.

"बंद कर," ओर्तांसबाई म्हणाल्या.

"काय, आई?"

"इंजिन."

"आई, गिस्लां काय म्हणाला ते..."

"मी बहिरी नाही, फिर्मां. बंद कर."

सासूबाईंनी तीस वर्षांत त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. ते करायला जवळीक लागते. फिर्मांने किल्ली फिरवली. गाडीने सुस्कारा टाकला आणि बसली ती बसलीच. ओर्तांसबाईंच्या बाजूचा दरवाजा फुटपाथाला अडकला आणि उघडेना. लेओनी मग काठी टेकत पलीकडून आली आणि स्वतःच आत शिरून बहिणीशेजारी बसली. बसल्यावर तिने सीटवर दोनदा हलकेच उसळून पाहिलं.

"माझा पलंगसुद्धा इतका मऊ नाही," ती म्हणाली.

केक गाडीतच कापला. फिर्मां अंगणात आठ खुर्च्यांच्या मधोमध एकटा बसून लेओनीने आणलेले ऑयस्टर खात होता, पण पलीकडचं दार उघडं असल्यामुळे त्याला सगळं ऐकू येत होतं. लेओनी सांगत होती की त्या दिवशी ती काळे कपडे घालून स्टेशनात संध्याकाळपर्यंत बसली होती. एखादी तरी गाडी सुटेल, या आशेवर.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू फोन ठेवलास."

 मग ओर्तांसबाईंनी केकचा दुसरा तुकडा बहिणीच्या बशीत ठेवला. मोठा होता.

पंप मिळायला नऊ दिवस लागले. गिस्लांच्या ओळखीने तो हॉलंडमधून यायचा होता. नऊ दिवस दोघी बहिणी सकाळी कॉफी घेऊन गाडीत जाऊन बसायच्या त्या जेवायलाच उठायच्या. गल्लीतल्या बायका पुढच्या सीटवर येऊन बसू लागल्या. पाच-सहा दिवसांनी तर बसायला पाळ्या लागल्या. फिर्मां लेओनीच्या दिवाणखान्यातल्या एका लाकडी बाकावर झोपत होता आणि त्याची पाठ पुन्हा शिकाऊंच्या काळात गेली होती.

नवव्या दिवशी गिस्लां पंप घेऊन स्वतः आला. गाडी उठली. फिर्मांने सासूबाईंसाठी इथे घेतलेल्या कपड्यांची पिशवी ठेवायला डिकी उघडली, तर आत आधीच दोन मोठ्या बॅगा होत्या. मागे लेओनी पट्टा लावून, हातात पर्स घेऊन तयार बसली होती.

"हिच्या घराला जिने फार आहेत," ओर्तांसबाई म्हणाल्या. "हिवाळा आपल्याकडे काढेल. नंतरचं नंतर बघू."

फिर्मांने बाजूला जाऊन सोलांजला फोन लावला. पंप बसला, गाडी ठणठणीत आहे, आई आनंदात आहे, आणि बरोबर लेओनीमावशीही येताहेत, हे त्याने एका दमात सांगितलं.  पलीकडे सोलांजच्या मागे औषधाच्या दुकानातली घंटी वाजत होती.

"आई हसते का रे?" सोलांजने विचारलं.

"सकाळपासून."

"बरं," ती म्हणाली. "मग ये. पण सावकाश ये. आणि वाटेत ती गाडी दोन-चार दिवस कुठे बसली, फिर्मां, तर बसू दे तिला."