तांदळाच्या डब्यातून क्रमांक दोन

दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारणारा कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम मोबाइलवर आणायला कंपनीने आठ दिवस दिले आणि माणूस दिला एक. तो एक म्हणजे आपले जावईबापू. "आज पाचला डॉक्टरांना दाखवायचंय. नाही चाललं तर तुमचा विभाग बंद," साहेब सकाळीच म्हणाले होते. (विभाग म्हणजे जावईबापू आणि त्यांची खुर्ची.)

तपासायला फोन मागितले तर कंपनीने हात वर केले. मग घरातलेच तीन जुने फोन जमवले. बोलायला कोणी नव्हतं, म्हणून आवाजही स्वतःचाच भरला, आणि फोनमध्ये मावावा म्हणून इतका दाबला, की विहिरीच्या तळातून कोणी बोलावतंय असं वाटावं. 'थांबवा' हे बटण लहान स्क्रीनवर बसेना, ते काढूनच टाकलं.

त्यातला एक फोन काल बायकोच्या हातून बादलीत पडला. तिने तो पुसून तांदळाच्या डब्यात खुपसला आणि बोलणी नकोत म्हणून गप्प राहिली.

दुपारी तीनला जावईबापूंनी कॉम्प्युटरवर 'पुढचा' दाबलं. टेबलावरचे दोन्ही फोन ढिम्म. (या दोन फोनचा आवाज सासूबाईंची झोपमोड नको म्हणून जावईबापूंनीच बंद केला होता, आणि ते विसरले होते.)

स्वयंपाकघरात सासूबाई एकट्याच भाजी निवडत होत्या. फडताळातून खोल आवाज आला, "क्रमांक एक... आत या."

स्वयंपाकघरात दुसरं चिटपाखरू नव्हतं. थोड्या वेळाने पुन्हा, "क्रमांक दोन... आत या."

सासूबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. सासरे जाऊन वर्ष झालं होतं. एक नंबर त्यांचा, ते केव्हाच आत गेले. मग दोन कोणाचा?

इकडे जावईबापूंना घाम फुटला होता. ते 'पुन्हा पुकारा' दाबत सुटले. पाच वेळा दाबलं, तेवढ्यात खोलीचं बंद दार उघडलं आणि दारात सासूबाई उभ्या. ठेवणीतले कपडे, केस विंचरलेले, कवळी बसवलेली.

"येते मी," त्या शांतपणे म्हणाल्या.

"कुठे?"

"दोन नंबर पुकारलाय. किती वेळ थांबवायचं त्यांना? लेकीला सांगा, भाजी अर्धी निवडलीय."

जावईबापूंच्या अंगावर काटा आला. हात चुकून 'पुढचा'वर पडला, आणि घराच्या पोटातून आलं, "क्रमांक तीन... आत या."

सासूबाईंनी त्यांच्याकडे कीव करून पाहिलं. "तुमचाही आला हो."

गच्चीवरून कपडे घेऊन आलेल्या बायकोने दोघांचे पांढरेफटक चेहरे पाहिले आणि बादलीची कबुली दिली. डब्याचं झाकण उघडलं, तर तांदळात निळा उजेड. फोन बोलतच होता.

"हा यांचा आवाज!" बायको म्हणाली.

"तरीच," सासूबाई खुर्चीत टेकल्या. "मी म्हटलं, न्यायला आलेला इतका भीत भीत का बोलतोय? उगाच कपडे बदलले."

पाचला, पाण्यात पडलेल्या फोनवरही प्रोग्राम चालतो, हे पाहून डॉक्टर खूश झाले. विभाग वाचला. फक्त आवाज बदला, पेशंट पळतील, असं ते म्हणाले. आता दवाखान्यात सासूबाईंचा आवाज पुकारतो, आणि पेशंट पहिल्या हाकेला उठतात.

या नव्या आवाजाच्या चाचणीच्या दिवशी मात्र दवाखान्यात पेशंट नव्हतेच. "क्रमांक एक, आत या," असं ऐकताच जावईबापूच मुकाट्याने उठून आत गेले होते.