भिंगरीच्या पंख्याखाली

अण्णासोंनी म्हैस विकली तेव्हा त्यांच्या पत्नी अक्काताई भाचीच्या बारशाला माहेरी, शाहूवाडीकडे गेल्या होत्या. असले निर्णय घरात कुणी शहाणं माणूस नसतानाच घेता येतात. भिंगरी शेजारच्या गल्लीतल्या केरबाच्या दावणीला गेली आणि तिच्या पैशातून मंगळवार पेठेतल्या अमरेशने एक कॉम्प्युटर जुळवून दिला. कॅबिनेट एका कंपनीचं, प्रोसेसर दुसरीचा, मॉनिटर कुणाचा ते अमरेशलाच ठाऊक. अण्णासो उचगावच्या हायस्कुलात क्लार्क. पण आता दोन हजार चार साल उजाडलं होतं, आणि फावल्या वेळात लग्नपत्रिका तयार करून (खुर्चीत बसून, शर्टाला शेण न लागता) आपण नाव काढू, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

अक्काताई परतल्या. आधी गोठ्यात गेल्या, मग बाहेरच्या खोलीत टेबलावरच्या खोक्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. अण्णासोंनी पाठ केलेलं भाषण एका दमात म्हणून टाकलं. याला वैरण लागत नाही, पाणी दाखवावं लागत नाही, तुझ्या म्हशीसारखा उन्हाळ्यात पंखा लागत नाही. एकदा चालू केला की झालं. आणि गुंडू पाटलांच्या लेकीच्या लग्नपत्रिकेचं काम आलंसुद्धा.

"बरं," अक्काताई म्हणाल्या. "गुंडू पाटलांच्या लेकीची पत्रिका ह्याच्यातनं भाईर पडली तर ऱ्हाऊ दे ह्यो. न्हाय पडली, तर खोकं जाईल आणि माझी म्हैस घरला यील."

पत्रिका म्हणजे काही चार ओळी नव्हत्या. पाटलांचा गोतावळा पंचक्रोशीभर पसरलेला. एकाचंही नाव गळलं तर तो पाहुणा लग्नाला येत नाही, नंतर भांडायला मात्र येतो. अण्णासो एकेका बोटाने नावं भरत जायचे, आणि वधूच्या मामांपर्यंत मजल गेली की पडदा काळा. कॉम्प्युटर आपला आपण बंद. (सेव्ह करायचं असतं हे अण्णासोंना माहीत होतं. पण शाळेत शिक्का जसा शेवटी मारतात, तसं तेही सगळं झाल्यावर करायचं असतं, अशी त्यांची समजूत होती.) पुढे शहाणपण आलं, पण मग सेव्ह करतानाच यंत्र बंद पडून फाईल बिघडायची, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि आता तर ते चुलत्यांपर्यंतही तग धरेना.

अमरेश आला. धुळीच्या भीतीने अण्णासोंनी चालू कॉम्प्युटरवरही मखमली कव्हर घालून ठेवलं होतं, ते त्याने आधी काढलं. कॅबिनेटवर हात ठेवला आणि झटकन उचलला.

"अण्णा, तापलाय की ह्यो. आत लई तापलं की सोताच बंद पडतोय, जळू नये म्हणून. ह्याला गार ठेवा. ही खोली हाय का भट्टी?"

खोलीवर स्लॅब होता आणि एप्रिल चालू होता. अमरेशने कॅबिनेटला बसवायला एक जादा पंखा दिला. आतली गरम हवा बाहेर काढायचा. एवढ्यासाठी माणूस कशाला बोलवायचा, म्हणून अण्णासोंनी तो रविवारी स्वतःच बसवला, उलटा. त्याने खोलीतली गरम हवा इमानेइतबारे आत भरली आणि कॉम्प्युटर पहिल्या ओळीतच गचकला. गणपतीचं नावसुद्धा पुरं झालं नाही.

मग कॅबिनेटची बाजूची फळी निघाली. घरातला एकुलता टेबलफॅन तिथे लागला. खिडकीला ओलं गोणपाट आलं. शाळेतून थकून आलेले अण्णासो पाणी प्यायच्या आधी खोक्याला हात लावून बघायचे, ब्रशाने त्याची धूळ झाडायचे आणि स्वतः घामाच्या धारांत बसून राहायचे. त्यांना फार थकवा आला होता, पण तो कुणाला सांगायची सोय नव्हती. अक्काताई दारातून एवढंच म्हणाल्या, की भिंगरीचं ह्यातलं निम्मं जरी केलं असतं तरी तिनं बादली भरून दूध दिलं असतं.

शेवटी एका दुपारी गोणपाट भिजवायला घरामागच्या परड्यात गेलेले अण्णासो सहज गोठ्यात डोकावले आणि तिथेच थबकले. वर कौलं, मातीच्या जाड भिंती, आणि अक्काताईंनी हट्टानं भिंगरीसाठी बसवलेला छताचा पंखा. सगळ्या घरात एवढा गारवा कुठे नव्हता. संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर गव्हाणीवर फळी टाकून स्थानापन्न झाला. अमरेशने हे फोनवर ऐकलं आणि फोन ठेवून दिला.

पण यंत्र चाललं. चुलते झाले, मामा झाले, आत्यांची सगळी घरं झाली. शेवटचे दोन मावसे उरले असताना दारात अंधार झाला. अण्णासोंनी मान वळवली. भिंगरी उभी होती, गळ्यात तुटलेलं दावं घेऊन.

तिने अण्णासोंकडे पाहिलं, कॉम्प्युटरकडे पाहिलं, एकदा फुसकारली आणि आपल्या नेहमीच्या जागी, बरोबर पंख्याखाली येऊन तिने डोळे मिटले. अण्णासोंनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले आणि एकेका बोटाने मावसे भरले. यंत्र बंद पडलं नाही. पत्रिका पुरी झाली.

पाठोपाठ केरबा धापा टाकत आला. म्हैस नेल्यापासून पान्हाच सोडत नव्हती. "माझ्याकडं कुठला पंखा वो वहिनी," तो म्हणाला. अक्काताई बादली घेऊन खाली बसल्या. भिंगरीने तरीही दूध चोरलं. अक्काताईंनी इकडेतिकडे पाहिलं.

"तुम्ही जरा भाईर जावा बघू," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

अण्णासो बाहेर गेले आणि बादलीत धार वाजली. ते आत आले, धार थांबली. केरबाने खात्री पटावी म्हणून त्यांना आणखी दोनदा आत-बाहेर करायला लावलं.

मग ठरलं ते असं. म्हैस केरबाचीच, पण राहणार इथे. करायचं अक्काताईंनी, दूध निम्मं-निम्मं. कॉम्प्युटरनेही शर्त जिंकली होती, तोही राहिला. भिंगरी त्याला बुजत नव्हती. तिचा राग एकाच माणसावर होता, आणि तो गैर होता असं खुद्द त्या माणसालाही म्हणता येईना. म्हणून ती आत असताना अण्णासोंना गोठा बंद. ती दुपारी तळ्याला जायची तेव्हा अण्णासो शाळेत, आणि अण्णासो घरी असायचे तेव्हा ती पंख्याखाली.

सुट्टीच्या दिवशी अमरेश आला. गोठ्यात जाऊन त्याने कॅबिनेटला हात लावला. गारेगार होतं. बाहेर येताना उंबऱ्यावर, डोक्याला टॉवेल गुंडाळून म्हैस तळ्याला जायची वाट बघत बसलेल्या अण्णासोंच्या खांद्यावर त्याने हात ठेवला आणि झटकन उचलला.

"वहिनी, हे लई तापल्यात की."

अक्काताई ओलंचिंब गोणपाट घेऊन आल्या. अण्णासोंनी आशेने मान पुढे केली.

"जरा सरा बाजूला," त्या म्हणाल्या, आणि गोणपाट घेऊन आत भिंगरीकडे गेल्या.