किसनकाकांचा अभिप्राय

आमच्या घराला नवा दरवाजा बसला त्या दिवशी शेजारचे किसनकाका तो बघायला आले. त्यांनी तो उघडला नाही की रंगाकडे पाहिलं नाही. बोटाच्या पेराने तीन ठिकाणी ठोकला, कान जवळ नेला आणि म्हणाले, "सर, सिक हाय." सुतार चहा अर्धा टाकून निघून गेला. दोन महिन्यांत दरवाजा मधोमध चिरला, तेव्हा काका पुन्हा आले, चीर बघितली आणि काहीच बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं फार लागतं.

काकांची सगळी नोकरी पूर्णा जंक्शनवर झाली. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन खाली उतरायचं, एकेक चाक ठोकायचं आणि आवाज ऐकायचा. खणखणीत वाजलं तर फिट. बद्द वाजलं तर सिक; मग डब्यावर खडूने खूण करून तो गाडीतून काढायचा. रिटायर होताना हातोडी खात्यात जमा झाली, सवय मात्र कुणी जमा करून घेतली नाही. माठ, टरबूज, बाज, सगळं काका ठोकून बघतात. नव्या जावयाची नुसती पाठ थोपटतात, पण त्यांना तेवढं पुरतं.

पुण्याला मुलाकडे राहायला गेले, तर तिसऱ्या दिवशी सोसायटीची लिफ्ट सिक ठरवून सहा मजले जिन्याने चढायला लागले आणि पाचव्या दिवशी परत आले. सुभद्राकाकू तिथेच राहिल्या. सून नोकरीला जाते, नातू लहान आहे. या गोष्टीला आता तिसरं वर्ष. काकू दिवाळीला येतात, डबे भरभरून चटण्या करून ठेवतात आणि परत जातात. काका मेसचा डबा खातात. तोही सिक आहे, हे ते मला रोज नव्याने सांगतात.

टीव्हीवर सिनेमा लागला की त्यांचा निकाल दहा मिनिटांत येतो. "लय डबे जोडलेत. दोन-चार काढा, मंग पळंल गाडी." एवढं बोलून उठतात. शेवटपर्यंत बसून त्यांनी एखादा सिनेमा पाहिल्याचं मला आठवत नाही.

माझी भाची वैशाली बोरीची. तिने चार मित्रांना हाताशी धरून, मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर एक सिनेमा काढला. नाव 'सतरा शेरडं'. नवरा मेंढरं घेऊन चार महिने रानोमाळ गेलेला आणि मागे बाई घर सांभाळते, एवढीच गोष्ट. गाणं नाही, मारामारी नाही. थिएटर कोण देणार? मग रविवारी दुपारी मंगल कार्यालयाच्या खिडक्यांना चादरी लावायच्या, पडदा बांधायचा आणि खेळ करायचा. आधी पूर्णा, मग गंगाखेड, शेवटी बोरी. सिनेमा एका महोत्सवाला पाठवायच्या आधी तिला तो थोडा कापायचा होता. काय कापायचं ते लोकांनीच सांगावं म्हणून दारात कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला होता. मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून चिठ्ठ्या वाचायचं लचांड मामाच्या गळ्यात पडलं.

आमच्याकडचा माणूस मत द्यायला हात आखडत नाही. पूर्ण्याच्या पहिल्याच चिठ्ठीत लिहिलं होतं, 'सिनेमा चांगला, पण पंखे बंद होते.' दुसऱ्याने विचारलं होतं की काळं शेरडू कुणाचं आहे आणि ते विकायचं आहे का. 'शेळीचा अभिनय उत्तम, नवऱ्याचा कमी पडला,' हे एका बाईंचं मत. मध्यंतर ठेवावं अशी चहावाल्याने कळकळीची विनंती केली होती. एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत झालं. सिनेमात चार मिनिटं एक बाई भाकऱ्या थापते. चेहरा दिसत नाही, नुसते हात, परात आणि थापण्याचा आवाज. 'एवढ्या वेळात आमच्याकडं पंगत उठती,' असं एका गृहस्थांनी लिहिलं होतं आणि ते मला पटलंही. वैशाली हिरमुसली. पुढच्या दोन गावांतही लोक हेच म्हणाले, तर सीन कापून टाकते, म्हणाली.

पूर्ण्याच्या खेळाला काका माझ्याशेजारीच बसले होते. दहा मिनिटं झाली, भाकऱ्यांचा सीन आला, तरी उठेनात. बघतो तर डोळे मिटलेले. झोपले असतील असं समजून मी कोपराने ढोसलं, तर त्यांनी डोळे न उघडताच माझा हात बाजूला केला. बाहेर आल्यावर निकालही दिला नाही. पुढच्या रविवारी गंगाखेडला एसटीतून उतरताना दिसले. मी विचारलं, तर म्हणाले, "काम हाय जरा." त्याच्या पुढच्या रविवारी बोरीतही त्यांचं काम निघालं.

दोन्ही गावांच्या चिठ्ठ्या एकत्र करून वाचायला बसलो आणि चक्रावलो. बाकीचे लोक भाकरीला कंटाळलेलेच होते, पण मधूनच एखादा शेतकरी, एखादी गृहिणी, एखादा किराणा दुकानदार भलत्याच भाषेत लिहीत होता. 'भाकरीचा सीन तपासला. फिट. गाडीला जोडून ठेवावा.' अशा अकरा चिठ्ठ्या निघाल्या. अकरा नावं, अकरा धंदे आणि अक्षर एकच, डब्यावर खडूने लिहावं तसं ठसठशीत.

चिठ्ठ्या घेऊन दुपारी काकांकडे गेलो. ते मेसचा डबा उघडून बसले होते. मी चिठ्ठ्या समोर मांडल्या.

"अक्षर बदलायला गेल्तो," ते म्हणाले. "जमलं न्हाई."

मी मास्तरी आवाजात विचारलं, की तुम्ही कसले अभिप्राय पेरत फिरताय? त्यांनी हातातला घास डब्यात ठेवला.

"भाकरी कोण थापायलंय, वळखलं का तुमी? तिसरी थाप हलकी पडती. डाव्या हाताचं बोट मोडल्यालं हाय तिचं. ती सुभद्रा हाय, सर."

मी तिथूनच वैशालीला फोन लावला. ती कबूल झाली. तिच्या हिरोईनीला भाकरी थापता येईना. काकू दिवाळीला आलेल्या होत्या. एका दुपारी काका स्टेशनवर गेलेले असताना काकांच्याच स्वयंपाकघरात तो सीन झाला. "पण काकूंनी शपथ घातली होती, मामा. म्हणाल्या, ह्यांना सांगू नको, सिक म्हणतील."

फोन स्पीकरवर होता, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

"म्हणलोच असतो," काका म्हणाले. "जिंदगीभर ती थापायली अन् मी पेपर वाचायलो. भाकरी हातात आली की ठोकून नावं ठेवायलो. आता घरात आवाजच न्हाई. तिथं जाऊन ऐकायलोय."

काकूंना बोलावून घ्या, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. नातू लहान आहे, चालती गाडी मधेच कशी थांबवायची, म्हणाले. या माणसाचा मला इतका राग यायचा, त्या दिवशी मात्र गलबलून आलं.

पण मास्तर तो मास्तर. मी त्या अकरा चिठ्ठ्या त्यांच्यासमोर फाडल्या आणि सांगितलं, की ही मतं बाद. तुमच्या नावाची मात्र एकही चिठ्ठी आलेली नाही. मग खिशातून एक कोरी काढून पुढे ठेवली. काका पेन हातात धरून इतका वेळ बसले की डब्यातली भाजी गार झाली. शेवटी चार ओळी लिहून चिठ्ठी घडी घालून दिली.

वैशालीला मी त्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. तिने सीनला हात लावला नाही. महोत्सवाचं उत्तर अजून आलेलं नाही, बहुतेक येणारही नाही. पण शपथ तशीही मोडलीच होती, म्हणून पोरीने तो फोटो पुण्याला काकूंना पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा फोन आला. मागे नातवाची किरकिर चालू होती. चष्मा सापडत नाही, त्या कागदावर काय आहे ते वाचून दाखवा, म्हणाल्या. मी वाचलं.

'आवाज स्वच्छ आहे. कुठेही दोष नाही. इतकी वर्षे सिक म्हटले, ती तपासणाऱ्याची चूक. किसन.'

पलीकडे काकूंनी नातवाला दटावलं.

"सर, हे त्यांनीच लिवलंय का?"

मी म्हटलं, अक्षर त्यांचंच आहे.

"परत एकदा वाचा," काकू म्हणाल्या.