बॅजर्टन सॉफ्टवेअरचा शेवटचा गेम

"आज लोक जेवणखाण विसरतील, बघच तू!" अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या हॉलमध्ये शिरता शिरता अतुलने बायकोला बजावलं.

"मेन्यूत श्रीखंड आहे," नीलांबरी म्हणाली. "तेवढं लक्षात ठेवून बोल."

महाराष्ट्र मंडळाच्या संमेलनात, जेवणाच्या आधी, अतुल 'बॅजर्टन सॉफ्टवेअर'वर बोलणार होता. ही कंपनी इंग्लंडातली, लीड्सची. ऐंशीच्या दशकात ती व्हिडिओ गेम काढायला लागली आणि त्याच दशकात बुडाली. तेव्हा आपला अतुल नागपुरात रांगत होता! पण तिच्याबद्दल तो असा गहिवरून बोलायचा, की वाटावं, याच्या सख्ख्या आत्याचं सासरच बुडालं! दुर्दैव एवढंच, की ही कथा आजवर कुणी शेवटपर्यंत ऐकलीच नव्हती. कुणाला फोन यायचा, कुणाला गॅसवरचं दूध आठवायचं. एकदा तरी लोकांनी जागचं न हलता ती ऐकावी, एवढीच त्या बिचाऱ्याची इच्छा होती.

भाषण झकास सुरू झालं. बॅजर्टनच्या मालकाने बदकांवर एक गेम काढला, तो धो धो खपला. मग त्याने बदकांवरच आणखी डझनभर काढले, त्यांना कुत्रंही विचारेना!

"आणि हा शेवटचा!" अतुलने कॅसेट उंच धरली. "हा बाजारात यायच्या आधीच कंपनी बुडाली. जगात एवढी एकच प्रत उरलीय!"

"कॅसेट? गाणी आहेत का रे?" पहिल्या रांगेतल्या शशिकांतकाकांनी आशेने विचारलं.

"नाही काका, तेव्हा गेम कॅसेटवरच यायचे. टेप वाजली की तो आवाज ऐकून कॉम्प्युटर गेम लोड करायचा. ऐकाच!"

त्याने बटण दाबलं. टेपरेकॉर्डर हॉलच्या स्पीकरला जोडलेला होता. किंऽऽऽ! कर्रर्र! किंऽऽऽ!

"फायर अलार्म!" मंडळाच्या अध्यक्षा अहिल्याताई ओरडल्या, आणि एकच पळापळ झाली! शशिकांतकाका गुडघ्याचं ऑपरेशन विसरून धावले. बायकांनी आधी श्रीखंडाचं पातेलं बाहेर काढलं, मग नवरे.

"अहो, थांबा! गेम लोड होतोय!" अतुल ओरडत राहिला. ऐकतो कोण? कुणीतरी फोनही करून टाकला, आणि पाहता पाहता पार्किंग लॉटमध्ये लाल ट्रक येऊन उभा राहिला. एक धिप्पाड फायरमन आत आला. त्याने टेपकडे पाहिलं, अतुलकडे पाहिलं.

"सर, प्लीज टर्न दॅट ऑफ."

अहिल्याताईंनी माफी म्हणून त्याला वाटीभर श्रीखंड दिलं आणि मंडळींना आत आणलं. अतुलचं उतरलेलं तोंड पाहून त्यांना पाझर फुटला. त्यांनी माईक हातात घेतला.

"अतुलने फार मेहनत घेतलीय. आता तो आवाज पुन्हा होईल. काहीही झालं तरी कुणी उठायचं नाही! देवांग, तू तोवर किचनमध्ये सांडगी मिरच्या तळायला घे."

अतुलला आभाळ ठेंगणं झालं! पण बघतो तर काय, टेप आत गुरफटून तिच्या शेवया झालेल्या. तो घाईघाईने कॅसेटमध्ये पेन्सिल घालून फिरवायला लागला, आणि तेवढ्यात...

किंऽऽऽ! किंऽऽऽ! किंऽऽऽ!

लोक शहाण्या मुलांसारखे बसून राहिले. कुणी मान डोलावली, कुणी डोळे मिटून घेतले. अतुलने हातातल्या कॅसेटकडे पाहिलं. मग किचनकडे पाहिलं. दाराच्या फटीतून धूर येत होता.

शशिकांतकाकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "बिचारी कंपनी!" ते खोकत खोकत म्हणाले. "आज कळलं रे तुझं दुःख!" मागे सगळा हॉल नाक ओढत होता, पदराने डोळे पुसत होता. असे श्रोते अतुलला जन्मात मिळाले नव्हते! क्षणभर त्याला वाटलं, अजून थोडा वेळ ऐकू द्यावं.

मग मात्र तो जिवाच्या आकांताने ओरडला, "आग! अहो, खरी आग! पळा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला!

"धूर काय खरा दाखवलाय!" अहिल्याताई कौतुकाने म्हणाल्या.

अतुल खिडकीकडे धावला आणि दोन्ही हात हलवायला लागला. बाहेर ट्रकला टेकून मघाचा फायरमन श्रीखंडाची वाटी चाटत उभा होता. अलार्म ऐकून तो हसला आणि त्याने अतुलला अंगठा दाखवला.