बस्त्याव सर आणि मागचं पान

बस्त्याव सरांना कुणी नमस्कार केला, तर ते आधी त्याच्या हातात वही आहे का ते बघतात. असली तर हात पुढे करतात. "मागचा पान दाखव बघूया."

आमच्या कणकवलीच्या कॉलेजात सर भूगोल शिकवतात. मस्टरवर नाव सेबास्तियन डिसोजा, पण त्या नावानं हाक मारली तर ते स्वतःच वळून बघणार नाहीत. मी त्याच कॉलेजचा हेडक्लार्क, परब. नव्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप सक्तीची झाली तेव्हा मुलांना जागा शोधून द्यायचं काम कुणीच घेईना. मीटिंगमध्ये सगळे मान खाली घालून बसले. सर तेवढे खिडकीबाहेर बघत होते, म्हणून ते त्यांच्या गळ्यात पडलं.

मी मोठ्या मेहनतीनं फॉर्म तयार केला. 'आपल्या करिअरविषयक आवडी नमूद कराव्यात.' निम्म्या मुलांनी 'कॉर्पोरेट' लिहिलं आणि उरलेल्यांनी त्यांचं बघून 'कॉर्पोरेट' लिहिलं. सरांनी गठ्ठा माझ्या टेबलावर परत आणून ठेवला.

"परबा, पुढच्या पानार पोरां आमका व्हया ता लिवतत. माझ्या तासाक मागच्या पानार जा करतत, ताच तेंचा खरा काम."

स्वतःच्या तासाबद्दल इतकं खरं बोलणारा प्राध्यापक मी दुसरा पाहिला नाही.

तेव्हापासून सर वह्यांची मागची पानं वाचतात. एका मुलाच्या पानावर क्रिकेटच्या सामन्याची सगळी तयारी होती. कोण कुणाच्या गाडीवर येणार, पाणी कोण आणणार, पाऊस आला तर ताडपत्री कुणाकडे. त्याला स्वतःला मात्र संघात जागा नव्हती. सरांनी त्याला इन्सुलीच्या एका मांडववाल्याकडे धाडलं. आता तो तिथली लग्नं एकट्यानं उभी करतो. एका मुलीचं पान अगदी कोरं निघालं. सर दोन दिवस अस्वस्थ होते. मग त्यांच्या लक्षात आलं की तिच्या सगळ्या वह्यांना एकसारखी कव्हरं आहेत आणि कडेला नंबर आहेत. तिला औषधांच्या गोदामात जागा मिळाली आणि सरांना झोप लागली.

मुलंही काही कमी नाहीत. एकानं मागच्या पानावर झकास लॅपटॉप काढून आणला. सरांनी पानावरून बोट फिरवलं, बोटाला शाई लागली.

"ही आजची शाई," सर म्हणाले. "माझ्या तासाक काढलेला दाखव. घरी काढलेला चलना नाय."

जागा मिळाली म्हणजे सरांचं काम संपत नाही. रविवारी स्कूटर काढून ते गिऱ्हाईक बनून मुलांना बघायला जातात. त्या मांडववाल्याकडे त्यांनी आपल्या मुलीच्या लग्नाची तासभर चौकशी केली होती. सरांना मुलगी नाही. एक मुलगा आहे, ज्योकिम, तो बोटीवर असतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरी सर आणि एक गाय.

ही गाय म्हणजे स्टाफरूमची करमणूक. तिचं नाव तांबू आणि रंग काळा कुळकुळीत. सरांना दूध काढता येत नाही, ते शेजारची नुनीस बाई काढते. सर तर तिच्या शिंगांपासून चार हात लांब उभे राहतात. पण मीटिंग लांबली की घड्याळ बघून उठतात. "गायीक बघूचा आसा." गायीला नुसतं बघायला जाणारा माणूस, म्हणून आम्ही हसायचो. सगळ्यात जास्त मी.

मग माझ्या मृणालची पाळी आली. माझी मुलगी, आमच्याच कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. तिच्यासाठी मी एका ओळखीच्या सीएच्या ऑफिसात शब्द टाकून ठेवला होता. सोमवारपर्यंत कॉलेजचं पत्र द्यायचं, त्यावर बस्त्याव सरांची सही, एवढंच बाकी होतं.

शनिवारी सरांनी सहीऐवजी मृणालची वही माझ्यापुढे ठेवली. मागच्या पानावर माझी नोटीस उतरवलेली होती. 'सर्व संबंधितांना याद्वारे सूचित करण्यात येते की विहित मुदतीत ओळखपत्र हस्तगत न केल्यास होणाऱ्या गैरसोयीची जबाबदारी सर्वस्वी संबंधितांची राहील.' खाली मृणालनं लिहिलं होतं, 'ओळखपत्र शुक्रवारी दोनच्या आत न्या. नंतर खिडकी बंद. बाबा जेवायला जातात.' पान भरून माझ्या अशा सात-आठ नोटिसा होत्या. एकीचीही तिनं गय केली नव्हती.

"हिका सांगूक येता, परबा," सर म्हणाले. "विजयदुर्गाक घरगुती खोल्यो भाड्यान देणाऱ्या बायकांचो गट आसा. इलेल्या माणसाक खंय जावचा, काय बघूचा, काय खावचा, ह्या सांगणारे बोर्ड तेंका लिवन व्हये आसत. दोन म्हयने हिका थंय धाडतंय."

"माझी मुलगी बोर्ड रंगवणार?" माझा आवाज चढला.

"रंगवतलो पेंटर. ही लिवतली."

त्यांनी सही केली नाही. घरी मृणालला विचारलं, तर ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तिथं जाईन." ते तिनं इतक्या पटकन म्हटलं की मला ते आवडलं नाही. तरी रविवारी दुपारी पत्र खिशात घालून मी भांडायच्या तयारीनं सरांच्या घरी गेलो.

सर गोठ्याजवळ खुर्ची टाकून बसले होते. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. मग आत जाऊन एक जुनी वही आणली.

"माझ्या झिलाची. धावेची."

ज्योकिमची दहावीतली गणिताची वही होती ती. मागच्या पानावर बारीक अक्षरात शेजारपाजारच्या गुरांची नावं होती. कुणाचं पोट फुगलं, कुणी चारा सोडला, कुणाला काय दिलं, कितव्या दिवशी बरं वाटलं. सगळ्यात वर नुनिसांची तांबू होती.

"तेवा मी ह्या पान उलटून बघूक नाय," सर म्हणाले. "तेच्या मामान बोटीर चिकटवल्यान. मी म्हटलंय, बरा झाला. आता थंय लोकांका जेवाण वाढता."

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. ज्योकिमचा व्हिडिओ कॉल होता. बोट बंदराला लागली की तो करतो.

"पपा, तांबूक दाखव मां."

सर उठले. शिंगांना भीत भीत त्यांनी हात लांब केला आणि फोन गायीपुढे धरला. "काय गो, जेवलंस?" पलीकडून आवाज आला. "कान खाली कित्याक पाडलंस? पपा, जरा उजवीकडे घे. तिच्या कानामागे गोचीड दिसता." दहा मिनिटं तो गायीशी बोलत होता. सरांचा हात भरून आला, तसा त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं. मग पलीकडून "ठेवतंय पपा" एवढं आलं आणि फोन बंद झाला.

सर खुर्चीत बसले. "नुनिसांची ती तांबू कवाचीच मेली. तेका सांगूक माका जमाक नाय. दुसरी हाडूक गेलंय, ती काळी गावली."

"मग ही ती नव्हे, हे तो ओळखत नाही?"

"ओळखता तर. तो इचारणा नाय, मी सांगणय नाय."

मी खिशातलं पत्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि सीएचं नाव खोडलं. "विजयदुर्ग लिहा, सर."

त्यांनी चष्मा पुसून सावकाश सही केली. पत्र परत देताना म्हणाले, "थंयसून फोन करीत तेवा ती बोर्डाचाच बोलात. बोलांदे."

आता दर रविवारी विजयदुर्गहून मृणालचा फोन येतो. 'पुढे पायऱ्या निसरड्या आहेत' इतकंच लिहावं की 'आजीचा हात धरा' असंही लिहावं, यावर ती अर्धा तास बोलते. मी कसा आहे, हे अजून तिनं विचारलेलं नाही. मी फोन दोन्ही हातांनी धरून ऐकत असतो.