अप्पांना सांगायचं नाही

आपण नजरकैदेत आहोत हे भाडेकरूने घरमालकाला सांगावं की नाही, यावर आमच्या घरात दोन मतं पडली. विशाखाचं मत, सांगून टाकावं. माझं मत, मेलो तरी सांगू नये. (शेवटी माझं मत चाललं. असं आमच्याकडे क्वचित होतं आणि का क्वचित होतं ते पुढे कळेलच.)

मी कुणी पुढारी नव्हे हो, कचेरीतला साधा कारकून. पण कर्मचाऱ्यांच्या मोर्चात आमच्या अध्यक्षांचा ऐनवेळी घसा बसला, माईक माझ्या हाती आला आणि मंत्र्यांवर मी दिलेली घोषणा दुर्दैवाने यमकात बसली. पुढच्याच आठवड्यात ते मंत्री लातूरला यायचे होते. पोलीस ठाण्यातला व्यंकटी जमादार सकाळीच घरी हजर.

"माधवराव, उद्यापासून सायेब येऊन जाईस्तोवर घराबाहेर पाऊल टाकायचं न्हाई. समोर आमचा माणूस उभा राहील. खिडकीत येऊन तोंड दावत जावा, म्हंजे झालं."

खाली राहणारे घरमालक शिवमूर्तीअप्पा तेव्हा दुकानात होते म्हणून वाचलो. किल्लारीच्या भूकंपानंतर दोन-तीन वर्षांतच लातुरात क्लासेसचं असं पीक आलं, की लोक गोठे सारवून तिथे बाहेरगावच्या पोरांच्या कॉटा टाकायला लागले. अप्पांचा डोळा आमच्या खोल्यांवर होताच. त्यांनी आधीच बजावलं होतं, "पोलीस दारात आला, की तुमी बाहेर." इकडे आमच्या भार्गवीची बारावी, परीक्षा अगदी तोंडावर. अशा वेळी पोरीची पुस्तकं घेऊन कुठल्या रस्त्यावर बसायचं?

म्हणून मी शक्कल लढवली. मंत्र्यांची सभा क्लासच्याच मैदानात, त्यामुळे भार्गवीला सुट्टी होती. मायलेकींनी नांदेडला मामाकडे जायचं, जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायचं आणि अप्पांना सांगायचं, सगळेच चाललो. मी आत गुपचूप.

"तुमच्या डोक्यात काय भरलंय?" विशाखा म्हणाली. पण दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ठेवून गेली बिचारी.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुलूप खट्कन लागलं आणि घर एकदम परकं वाटायला लागलं. आपलंच घर, आपलीच खुंटी, खुंटीवरचा आपलाच सदरा. पण तो सदरा माझ्याकडे पाठ करून उभा आहे असं वाटावं! दिवा लावायचा नाही, नळ सोडायचा नाही, खोकायचं तर उशीत तोंड खुपसून.

खिडकी किलकिली केली. समोर लिंबाखाली माणूस उभा होता. धोतर, टोपी, हातात पिशवी. (पोलीस वेषांतर काय झकास करतात!) मी तोंड दाखवलं. त्याने वर पाहिलं आणि पाहतच राहिला. मी ओळखीचं हसलो. तो हसला नाही.

दुपारी पुन्हा दाखवलं. त्याचे ओठ पुटपुटत होते. तिसऱ्या खेपेला त्याने हात जोडले. मी झटकन खिडकी लोटली. पोलीस हात जोडतो म्हणजे आपलं पुढे काय करायचं ठरलंय?

त्यात आमची जमीन म्हणजे अप्पांच्या छताची लाकडी तक्तपोशी. खाली अप्पांनी भूकंप कळावा म्हणून फडताळावर पेल्यांची उतरंड रचलेली. तेव्हा बरेच जण असं करत. मी मांजराच्या पावलाने चाललो तरी खाली पेले किणकिणायचे. मी थांबलो की थांबायचे. मग मी हाललोच नाही. श्वास धरून बसलो.

आणि माझ्या पायाखालून आवाज आला. ठक. ठक. ठक.

किल्लारीकडची माणसं सांगतात तसं जमिनीतून कुणीतरी हाका मारतंय असं वाटलं. पण दारावर टकटक झाली की "आलो" म्हणायची माझी कचेरीतली सवय! माझा हात आपोआप खाली गेला आणि मी उलट वाजवलं. ठक. ठक. ठक.

खाली किंकाळी. पाठोपाठ सगळे पेले खणाखणा कोसळले. "भूकंप! भूकंप!" गल्ली रिकामी झाली, पोरं पुस्तकं टाकून रस्त्यावर. मलाही पळायचं होतं हो! पण दाराला कुलूप, समोर पोलीस. मी चौकटीला मिठी मारून शिवशिव करत राहिलो. काहीच हाललं नाही.

संध्याकाळ झाली, लाईट गेली. पोलिसाला अंधारात तोंड कसं दिसणार? मी प्रामाणिक माणूस. डासांमुळे डोक्याला पांढरा पंचा गुंडाळला होता, मेणबत्ती हनुवटीखाली धरली आणि खिडकीत उभा राहिलो. लिंबाखालून अशी आरोळी आली, की माझीच मेणबत्ती विझली.

जिन्यावर पावलं वाजली. दाराच्या फटीतून धुपाचा धूर आत आला, मग चिमूटभर विभूती. बाहेर अप्पांचा कापरा आवाज, "कोन हाईस? जितं हाईस का मेलेलं?"

मी उशीत तोंड खुपसलं. पण धुराने घात केला. शिंक आलीच.

घरमालकाकडे दुसरी किल्ली असते, हे मी साफ विसरलो होतो. दार उघडलं. अप्पांच्या हातात कंदील आणि छतावर ठकठक केलेला झाडू.

"माधवराव? तुमी नांदेडात मेलाव का काय?"

शेवटी सगळं सांगितलं. अप्पा मटकन जिन्यावर बसले.

"आरं, त्यो पोलीस कुठला! किनवटचा मानूस हाय, पोरासाठी खोली बगाया आल्ता. मीच म्हनलं, वरची बघून ठेव, परीक्षा झाली की रिकामी करून देतो. त्यो सकाळधरनं मला सांगतोय, 'कुलपातल्या घरात माणूस पाहून राहिलो.' आता पळाला. समद्या स्टँडावर सांगत आसंल. ह्या घरात आता तुमच्याबिगर कोन ऱ्हातंय?"

खोल्या वाचल्या! भार्गवीची बारावी वाचली! मला इतका आनंद झाला, की मी अप्पांना उरलेली दशमी खाऊ घातली.

दुसऱ्या दिवशी विशाखा आणि व्यंकटी जमादार एकदमच दारात आले.

"दौरा कवाच रद्द झाला," जमादार म्हणाला. "माणूस ठेवलाच न्हाई मग. तुमाला मोकळं करायला काल सकाळीच आल्तो, तर दाराला कुलूप. शेजारच्या बाईंनी सांगितलं, समदे नांदेडला गेले."

"मग?"

"मग काय! नजरकैद मोडून फरार, असा रिपोर्ट गेला वर. नांदेडचे पोलीस रातभर तुमच्या मेव्हण्याच्या घरी हुडकत बसले."

मी विशाखाकडे पाहिलं. तिचे डोळे जागरणाने लाल होते.

"मी त्यांना शपथेवर सांगितलं, ते लातुरात घरीच आहेत, आत कोंडून घेतलंय," ती पिशवी खाली ठेवत म्हणाली. "कुणाचा विश्वास बसेना. फौजदार म्हणाले, इतका कुणी मूर्ख नसतो."